मडमेच्या पत्रातले चार माठ

खुशालरावांनी पुस्तकाला हार घातला, कुंकवाचं बोट लावलं, नारळ वाढवला आणि गावाकडं तोंड करून हात जोडले, तेव्हा पार्बताबाईनं पदर तोंडाशी नेला. बाजूच्या बायांना वाटलं, बाईला गहिवरून आलं. गहिवर नव्हता तो. हसू दाबलं होतं.

पुस्तक इंग्रजी. उशीएवढं जाड. ते उघडून वाचील असा माणूस त्या मंडपात एकच, शाळेचे हेडमास्तर, आणि त्यांनीही विसाव्या पानावर खूण घालून ते मिटवलं होतं. पण पूजेला वाचता यावं लागत नाही. खारी निंबोरीची माणसं रांगेनं आली, पुस्तकाच्या पाया पडली आणि पलीकडं ठेवलेल्या बुंदीच्या परातीपाशी जरा जास्त वेळ थांबली.

खुशालराव, गावाचे भाऊसाहेब, शाळा समितीचे अध्यक्ष. माईक हातात आला की त्यांची भाषा पुण्याच्या गाडीत बसायची आणि बडनेऱ्याला उतरून परत यायची.

"बंधू-भगिनींनो, शंभर वर्षांपूर्वी ऑल्डन साहेब सात समुद्र ओलांडून आपल्या या खाऱ्या पाण्याच्या गावात आले. सोबत मडमसाहेब. इथं त्यांनी शाळा काढली. मडमसाहेब इथून आपल्या बहिणीला पत्रं लिहीत. ती पत्रं त्यांच्या नातवंडांनी आता छापली, अन् आपल्याले प्रेमानं तीन प्रती पाठोल्या. फेब्रुवारीत साहेबांचे पणतू सोता येऊन राह्यले. शाळेले शंभर वर्षं होतात. त्या दिवशी दोन पुतळे बसतीन. एक साहेबांचा. अन् ज्याईनं साहेबांना जागा देल्ली, त्या माह्या आजोबाचा, विठोबा पाटलाचा."

टाळ्या झाल्या. पुतळे बसणार होते आवाराच्या कडुनिंबाच्या कोपऱ्यात. त्या कोपऱ्यात आज दोन खोल्या होत्या, टिनाचं छप्पर, पुढं कडब्याचं पेंडकं रचलेलं, दोरीवर लुगडं. ते पार्बताबाईचं घर. चार दिवसांपूर्वी तलाठ्यानं तिच्या नवऱ्याच्या, मोतीरामच्या हातात कागद दिला होता: शाळेच्या जागेवर अतिक्रमण, जुन्या काळापासूनच्या ताब्याचा पुरावा असल्यास पंधरा दिवसांत दर्यापूरला हजर करावा, नसल्यास घर काढण्यात येईल.

मोतीरामनं तो कागद घडी घालून देवाच्या फोटोमागं ठेवला होता. देव वाचून काय ते करील.

"सायेबाच्या पाया पडून घे," तो मंडपात पार्बताबाईला कुजबुजला. "भाऊसाहेब पाहून राह्यले."

"तुमीच पडा. तुमच्या घरातल्या साऱ्याइले वाकाची सवय हाय."

असं तोंड होतं तिचं. बासष्ट वर्षांची, हाडं काटक्यांसारखी आणि जीभ विळ्यासारखी. एक मात्र होतं: पाच कोसांत कुठं कीर्तन असलं की पार्बताबाई पुढच्या रांगेत. एकदा निरूपणात बुवा म्हणाले होते, कीर्तनात पापाचं नाव निघालं की जो तो शेजाऱ्याकडं पाहतो. मंडप पोट धरून हसला होता. पार्बताबाईही हसली होती, आणि हसता हसता तिनं खुशालरावांच्या बायकोकडं पाहिलं होतं.

*

पुस्तकाची एक प्रत हाराखाली गेली, एक खुशालरावांच्या कपाटात, तिसरी हेडमास्तरांकडं. तिसरी प्रत प्राजक्तानं मागून आणली. प्राजक्ता पार्बताबाईची धाकटी. अमरावतीला एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवायची, शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं घरी यायची. तिचं म्हणणं साधं होतं. आपला पणजोबा पुंजाजी साहेबांच्या शाळेचा राखणदार होता. मडम रोजची बारीकसारीक गोष्ट बहिणीला, बेथला लिहायची. मग पुंजाजीला जागा दिली, हेही कुठंतरी लिहिलं असणारच.

"लिवलं असन," मोतीराम म्हणाला. "सायेबाच्या पाळण्यात नाग निंगाला होता. आमच्या बुढ्यानं हातानं धरला. म्हनून सायेबानं खूष होऊन जागा देल्ली. माह्या बापानं सांगतलं मले."

"हातानं," पार्बताबाई म्हणाली. "तुमी पाल निंगाली तं खाटेवर चढता."

रविवारी सकाळी अंगणात ऊन पडलं. पार्बताबाई तुरीच्या शेंगा बडवायला बसली. लाकडी मोगरीचा एक ठोका, मग सुपाची एक फडफड, आणि मध्ये प्राजक्ताचा आवाज. ती इंग्रजी डोळ्यांनी वाचायची आणि मराठी तोंडानं सांगायची.

मडम लिहिते: इथलं पाणी इतकं खारट आहे की चहा म्हणजे औषध. मडम लिहिते: माझे केस गळत आहेत. मडम लिहिते: मी सहा मुलींना शिवण शिकवलं, चौघी लग्न होऊन गेल्या, सर्वांत मोठी बारा वर्षांची होती. हेन्री, म्हणजे साहेब, इथली बोली शिकला आहे, बोलतो तेव्हा लोक हसतात, पण तो म्हणतो हसणारा माणूस ऐकत तरी असतो. मडम लिहिते: इथली माणसं आळशी नाहीत, पण कशाची घाई नाही, खोटं बोलतात, पण इतक्या प्रेमानं की रागवता येत नाही.

"घ्या," पार्बताबाईनं मोगरी हाणली. "आपल्याच घरात येऊन आपल्यालेच खोटं म्हनते. पुढं वाच."

मडम लिहिते: आमच्या शिकवणुकीचं फळ दिसू लागलं आहे. पेरणीच्या आधी गावातल्या बाया न बोलावता शाळेच्या दारी येतात, दही-भात आणि नारळ ठेवून हात जोडून जातात. हेन्रीचे डोळे भरून आले.

पार्बताबाईची मोगरी हवेतच राहिली. मग ती अशी हसली की सुपातल्या शेंगा सांडल्या.

"अवं, ते निंबाखालच्या मरीमायचं! शाळा बांधाच्या आंधीपासून हाय ते. आताही ठेवतो आमी. अन् हा बिचारा डोये पुसून राह्यला!"

"हसू नको आई. त्यांना वाटलं तसं लिहिलं."

"मले त्याचंच हसू येते. पंधरा वर्षं राह्यले गावात, अन् दारातला गोटा नाई दिसला."

एका पत्रात त्यांची तीन वर्षांची मुलगी तापानं गेली होती. बैलगाडीनं तिला अमरावतीला नेलं, वाटेतच ती संपली. त्या पत्रात मडमेनं दुसरं काही लिहिलं नव्हतं, फक्त गाडीची चाकं रात्रभर वाजत होती एवढंच. प्राजक्ता थांबली. पार्बताबाईनं शेंगा गोळा केल्या आणि सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "होती तं मायच. पुढं वाच."

गाव सोडून जातानाचं पत्रही होतं. बाया वेशीपर्यंत रडत आल्या म्हणे. पार्बताबाईनं नाक मुरडलं. "म्हैस इकली तरी रडतो आमी वेशीपर्यंत."

दुपार उलटून गेली तेव्हा प्राजक्ताला पुंजाजी सापडला. ती एकदम उठून उभी राहिली, पान चेहऱ्याजवळ नेलं, ओठ हलले. चेहरा उजळला आणि तसाच हळूहळू विझला.

"काय झालं? नाग निंगाला का नाई?" मोतीरामनं विचारलं.

"नाग नाही, बाबा."

"मंग?"

"जागेचं आहे. अगदी स्पष्ट आहे. 'कडुनिंबापासून टाक्याच्या भिंतीपर्यंतचा तुकडा पुंजाजीला राहायला दिला. त्याला आणि त्याच्या मुलाबाळांना. हेन्रीनं पाटलाला तसं सांगितलं आणि शाळेच्या वहीत नोंदवलं.' सन एकोणीसशे सदतीस, मे महिना."

मोतीरामनं दोन्ही हात कपाळाला लावले. पार्बताबाईनं लावले नाहीत. ती पोरीकडं बघत होती.

"वरतं काय हाय?"

"वरचं जाऊ दे ना आई."

"वाच म्हनतो ना."

प्राजक्तानं वाचलं. वाक्यावाक्याला थांबत.

त्या उन्हाळ्यात साहेबानं शाळेच्या ओट्यावर गोड्या पाण्याचे चार माठ ठेवले होते. गोडं पाणी पावसाळ्यात टाक्यात साठवलेलं. साहेबाचा हुकूम, कोणत्याही मुलानं कोणत्याही माठातलं प्यावं. मंगळवारी दुपारी पलीकडच्या वस्तीतली चार मुलं त्या माठांतलं पाणी प्याली. संध्याकाळी विठोबा पाटलानं राखणदाराला बोलावलं. बुधवारी सकाळी शाळा भरत असताना, मुलांच्या समोर, पुंजाजीनं काठीनं चारही माठ फोडले. पाणी पायऱ्यांवरून मातीत गेलं. सूर्यभान नावाचा आठ वर्षांचा मुलगा खापऱ्या गोळा करायला वाकला. पुंजाजीनं त्याच्याही हातावर काठी मारली. हेन्री घरात होता. मी खिडकीत होते. माझ्या तोंडून आवाज निघाला नाही, बेथ, आणि याची लाज मला अजून वाटते. दुसऱ्या दिवशी पुंजाजी पायरीवर येऊन बसला आणि रडला. पाटलानं त्याला घरातून काढीन असं धमकावलं होतं, घर पाटलाच्या जागेत होतं. हेन्री म्हणाला, ज्याच्या डोक्यावरचं छप्पर दुसऱ्याचं, त्याचा हातही दुसऱ्याचा. म्हणून आम्ही त्याला तो तुकडा दिला. मला वाटत नाही तो आमचे आभार मानील. ते कधीच मानत नाहीत. पुढच्या टपालानं शिवणाच्या सुया पाठव, मोठ्या भोकाच्या.

टिनावर एक कावळा चालत गेला, त्याची नखं वाजली.

"माह्या बापानं नाग सांगतला होता," मोतीराम म्हणाला.

सूर्यभान म्हणजे कोण, हे तिघांनाही माहीत होतं. पंधरा वर्षांपूर्वी वारला तो. त्याची सून सुंदराबाई तीस वर्षांपासून पार्बताबाईच्या शेजारच्या पातीला कापूस वेचत होती.

*

सोमवारी प्राजक्ता दर्यापूरला जाऊन आली. तिथल्या वकिलानं सांगितलं, परदेशात छापलेलं पुस्तक म्हणजे नुसतं पुस्तक. साहेबाची वही कधीच वाळवीनं खाल्ली. पुस्तकाला गावातल्या माणसाची साक्ष जोडा, वयस्क, घरातलं नको, म्हणजे बाजू उभी राहील.

गावात वयस्क माणसं होती. पण एकाची पाळी खुशालरावांच्या पाणी सोसायटीत, दुसऱ्याचा पोरगा त्यांच्या जिनिंगवर, तिसऱ्याला जन्मापासून मान डोलवायची सवय. मोतीराम तिघांकडं जाऊन आला, तिघांनी चहा पाजला, तिघांनाही त्या दिवशी काही आठवेना.

"राह्यली कोन?" पार्बताबाई म्हणाली, आणि तिचं तिलाच कळलं.

मंगळवारी ती वेचणीला गेली. पौषातली धुक्याची सकाळ, पऱ्हाटीवर धुईचं पाणी, कापूस ओला. दहा वाजेपर्यंत बोटं बधिर. बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या कडेला घुसतात आणि ते दुपारी कळतं. कमरेला ओटी बांधून बाया आपापली पात धरून चालल्या होत्या. तिसरी वेचणी, कापूस कमी आणि कचरा जास्त. सुंदराबाई तिच्या डाव्या हाताला. ठेंगणी, रुंद खांद्याची, चष्मा दोरीनं बांधलेला. तिचा मुलगा ललित अकोल्याला तारखात्याच्या जुन्या कचेरीजवळ झेरॉक्सचं दुकान चालवायचा. ती वेचताना कधी बोलायची नाही, पण तिची ओटी नेहमी आधी भरायची.

पार्बताबाईनं घडी केलेला कागद चोळीतून काढला. त्यावर प्राजक्तानं मराठीत उतरवून दिलं होतं. फक्त खालचं. कडुनिंबापासून टाक्याच्या भिंतीपर्यंत.

तिनं मनाशी ठरवलं होतं: वरचं कशाला? नव्वद वर्षांपूर्वीचं. माठही गेले, फोडणारा गेला, पिणारा गेला. उगाच कायले जखम उकरायची. हे ठरवताना आपलं मन फार मोठं आहे असं तिला वाटलं होतं.

"सुंदराबाई, आयकून राह्यली काय? माह्यं एक काम हाय तुह्यापाशी."

"सांगा ना." हात थांबला नाही.

पार्बताबाईनं सांगितलं. नोटीस, पुतळे, पुस्तक, साक्ष. मग कागद वाचून दाखवला. सुंदराबाईनं ऐकलं. एक बोंड दोन बोटांत धरून तिनं त्यातला पाला निवडला.

"बस एवढंच?"

"एवढंच हाय."

"वरतं काय लिवलं हाय?"

पार्बताबाईनं कागदाची घडी पुन्हा घातली. "वरतं... सुयांचं हाय काही. बहिणीले सुया मांगतल्या."

सुंदराबाई पहिल्यांदा हसली. तिचं हसू बघून पार्बताबाईला वाटलं, इतकी वर्षं आपण हिला मुकी समजत होतो.

"सायेबानं राखणदाराले फुकटात तुकडा देल्ला? कायच्यासाठी बरं?"

"ते..."

"बाई, माह्ये सासरे जेवाले बसले की पाहावं वाटे. घास बोटांत धरता येत नव्हता, पंज्यात धरत. दोन बोटं वाकडी. मी नवी सून, मी हसली एक दिवस. त्याइनं मले सारं सांगतलं. चार माठ. मंगळवारी पेले, बुधवारी फुटले. काठीचा मालक बी सांगतला. आमच्या घरच्या लेकराइले ठाऊक हाय ते. ललितच्या पोरीले बी हाय. तुमाले आता समजलं?"

ओळीच्या टोकाला मुकादमानं हाक मारली. दोघी चालू लागल्या. दोघींचेही हात सवयीनं बोंडं तोडत होते.

"तुले ठाऊक होतं, अन् तीस वर्षं माह्या बाजूनं पात धरली?"

"कापूस वेचाले आल्ती मी. तुमच्या बुढ्याचा हिशोब कराले नाई."

"मंग कधी बोलली नाई?"

"बोलून काय करू? तुमी तं आपल्या कीर्तनात रंगलेल्या. एकदा म्हनलं होतं मले, आमी काही पाळत नाई वं सुंदरा, आमचं घर सायेबाच्या शाळेतलं. मी म्हनलं, बरं."

हे पार्बताबाईला आठवत होतं. त्या दिवशी ती सुंदराबाईच्या बाटलीतलं पाणी नको म्हणाली होती, आणि हे वाक्य त्याच्यानंतरचं होतं.

काट्यावर सुंदराबाईचा कापूस अठरा किलो भरला. पार्बताबाईचा अकरा. मुकादम म्हणाला, "काय वं बुढे, आज हात गहाण ठेवले काय?" आणि सगळ्या बाया हसल्या. एरवी तिनं त्याची सात पिढ्यांची धुलाई केली असती. आज तिनं गाठोडं बांधलं आणि डोक्यावर घेतलं.

सुंदराबाई बांधावर तिच्याजवळून गेली. "साक्षीले येईन मी," म्हणाली. "पन अख्खं पान वाचाचं. वरतूनच. सायेबिणीनं लिवलं तसं. नाई तं माह्या घरी कापूस हाय, निवडत बसीन."

*

गावात गोष्टीला पाय असतात. बुधवारी सकाळी खुशालराव स्वतः आले, मोटारसायकलवर मागं बसून. खुर्ची आणली, फडक्यानं पुसली, ते बसले. मोतीराम उभा राहिला, हात पोटावर.

"मोतीराम, आपले तीन पिढ्यांचे संबंध. घर काढाचं म्हनजे माह्याही जिवावर येते. पन पान सापडलं म्हनते तुह्या पोरीले?"

"हाव, भाऊसाहेब."

"हेडमास्तरकडून मी बी वाचून घेतलं. चांगलं पान हाय. खालतं चांगलं हाय. आता मी काय म्हनतो," खुशालरावांनी आवाज उतरवला, "वरच्याचा अन् जागेचा काय संबंध? नाई का? विनाकारण जुन्या मढ्याइले उकरून, दोन समाजात वाईटपना. सायेबाचे पणतू येऊन राह्यले, त्याइले काय वाटन? तू खालतंच दे. साक्ष मी देतो. मी सोता. पुतळे दुसऱ्या कोपऱ्यात बसवतो. तुह्यं काम होते, माह्यंही राह्यते."

मोतीरामच्या चेहऱ्यावर उजेड पडला. तो पार्बताबाईकडं वळला.

पार्बताबाई दारात बसून तांदूळ निवडत होती. खुशालरावांचा एकेक शब्द तिला ओळखीचा लागत होता. जखम कायले उकरायची. नव्वद वर्षांपूर्वीचं. माठही गेले. काल धुईत उभं राहून तिनं जे मोठ्या मनाचं म्हणून मनाशी धरलं होतं, तेच हे. फक्त खुशालरावांच्या तोंडातून आलं तर तिला त्याचा वास आला.

तिला खुशालरावांचा राग यायला हवा होता. आजवर सोपं होतं ते. त्या माणसाच्या पोटाकडं, अंगठ्यांकडं, पुण्याच्या भाषेकडं पाहिलं की तिरस्कार आपोआप सुटायचा, विहिरीवरून दोर सुटावा तसा. आज सुटेना. त्या खुर्चीवर बसलेला माणूस आणि आपण एकाच पानाचा एकच भाग झाकायला निघालो, हे तिच्या ध्यानात आलं आणि तांदळातला खडा दिसेनासा झाला.

"भाऊसाहेब," ती म्हणाली, "मरीमायच्या निवदाले सायेब आपला मान समजला. वाचलं काय तुमी ते?"

"ते... हाव, असन. त्याचं काय?"

"काही नाई. माह्या घरचे बी तसंच नागाचं समजले. तुमच्या घरचे जागा देल्ल्याचं. आपून सारे त्या सायेबासारखेच निंगालो. च्या पिऊन जा."

"मंग ठरलं ना?"

"ठरलं. वरतूनच वाचू."

खुशालराव उठले. चहा राहिला. जाताना मोतीरामला एवढंच म्हणाले, "बाईले समजव. घर जाईन."

मोतीरामनं दिवसभर समजावलं. त्याचं म्हणणं एकच होतं, मेलेल्या बापाची, आज्याची इज्जत. रात्री भाकरीवरून उठताना तो म्हणाला, "माह्या आज्याले तू दर्यापुरात उघडा पाडून राह्यली."

"तुमच्या आज्यानं लेकराच्या हातावर काठी मारली. मी तं फक्त वाचून राह्यली."

*

दर्यापूरच्या तहसील कचेरीत खिडकीजवळचा पंखा थंडीतही फिरत होता. कोणाला बंद करता येत नव्हता म्हणे. नायब तहसीलदार बाई तिशीच्या, सर्दीनं नाक लाल झालेल्या. एका बाजूला खुशालराव, त्यांचा वकील आणि समितीचे दोघे. दुसऱ्या बाजूला मोतीराम, भिंतीला चिकटून. पार्बताबाई, प्राजक्ता, आणि सुंदराबाई, धुतलेल्या पांढऱ्या लुगड्यात, चष्मा पुसून.

"पुस्तक आहे? दाखवा. जागेचा उल्लेख आहे तेवढाच वाचा," बाई म्हणाल्या.

प्राजक्तानं आईकडं पाहिलं.

"वरतूनच वाच," पार्बताबाई म्हणाली.

"मॅडम, असंबद्ध मजकूर..." खुशालरावांचा वकील उठला.

"संबंध हाय, मॅडम," पार्बताबाई म्हणाली. "जागा कायच्यापाई देल्ली, ते वरतं हाय. कारण नाई आयकलं तं जागा बी खोटीच वाटन तुमाले. मले वाटली असती."

बाईंनी नाक पुसलं आणि हातानं खूण केली, वाचा.

प्राजक्तानं वाचलं. विठोबा पाटलाचं नाव आलं तेव्हा समितीतल्या एकानं खाली पाहिलं. पुंजाजीचं नाव आलं तेव्हा मोतीराम खोलीबाहेर गेला. चार माठ फुटले. काठी लेकराच्या हातावर आली. संगणकावर बसलेला कारकून टाइप करायचा थांबला आणि पुन्हा करू लागला. सुयांपर्यंत वाचलं प्राजक्तानं. काही सोडलं नाही.

"छापील पुस्तक आहे," वकील म्हणाला. "नावाशिवाय काही सिद्ध होत नाही. पुंजाजी गावात दहा असतील. कोणता कडुनिंब, कोणतं घर?"

"साक्षीदार?" बाईंनी विचारलं.

सुंदराबाई पुढं झाली. नाव सांगितलं, वय सांगितलं, सूर्यभानची सून असं सांगितलं.

"हे घर तुम्ही कधीपासून पाहता?"

"लग्न होऊन आली तवापासून. बेचाळीस वर्षं. पन माह्ये सासरे लहानपनापासून पाहत होते. शाळेत जाताना, नंतर मजुरीले जाताना. त्याच वाटेवर हाय ते."

"तेच घर, हे कशावरून सांगता?"

सुंदराबाईनं एकदा पार्बताबाईकडं पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती, राग नव्हता. रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना बघावं, तेवढंच होतं ते.

"आमच्याकडं त्या घराले नावच हाय, मॅडम. माठफोड्याचं घर. सासरे म्हनत, त्याइचे भाऊबंद म्हनत, आताची लेकरं बी म्हनतात. वस्तीतल्या कोनालेही इचारा. माठफोड्याचं घर कोनतं, तं निंबाखालचंच दाखोतीन. दुसरं कोनतं नाई."



पार्बताबाई चाळीस वर्षं त्या घरात राहत होती. त्या अंगणात तिनं रांगोळ्या काढल्या, तिथून तीन लेकी लग्न लागून गेल्या, दारावर तिनं स्वतःच्या हातानं शुभ-लाभ लिहिलं. गावाच्या अर्ध्या भागानं त्या दाराकडं कोणत्या नावानं पाहिलं, हे तिला आज दर्यापुरात, सर्दी झालेल्या बाईसमोर कळत होतं. ती मागच्या खुर्चीवर बसली.

"नाव तसंच टाकू?" कारकुनानं बाईंना विचारलं.

"त्यांनाच विचारा. घर त्यांचं आहे."

कारकून पार्बताबाईकडं वळला. प्राजक्ता काही बोलणार होती. आईनं तिच्या मनगटावर हात ठेवला.

"तसंच टाका," पार्बताबाई म्हणाली. "माठफोड्याचं घर. माठ कोनाचे, तेही टाका. लेकराइचे. अन् फोडनारा माह्या सासऱ्याचा बाप, पुंजाजी. सांगनारा विठोबा पाटील."

"शेवटचं..." वकील म्हणाला.

"पुस्तकात आहे," बाई म्हणाल्या, आणि कारकुनाला म्हणाल्या, "टाइप करा." मग त्यांनी शिंक आवरली आणि सांगितलं की ताबा सदतीस सालापासूनचा दिसतो, पुस्तक आणि साक्ष एकमेकांना धरून आहेत, घर काढण्याची कारवाई थांबवली आहे, लेखी आदेश पाठवू. खुशालराव उठले. त्यांच्या वकिलानं पुस्तकाकडं असं पाहिलं, जसं ते अंगावर येईल.

बाहेर मोतीराम चहाच्या टपरीवर बसला होता. घर राहिलं, असं प्राजक्तानं सांगितलं तेव्हा तो रडला, आणि कशासाठी रडतो हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

परतीची जीप भरून आली होती. पुढच्या आडव्या फळीवर दोन जागा. सुंदराबाई चढली. पार्बताबाई तिच्या शेजारी बसली, मांडीला मांडी लागून, कारण जीपमध्ये दुसरं बसणं नसतंच. येवदा फाटा मागं पडला.

"सारेच म्हनतात?" पार्बताबाईनं शेवटी विचारलं. "लहान लेकरं बी?"

"सारेच. पत्ता सांगाले सोपं पडते."

ड्रायव्हर पलीकडच्या वस्तीतला होता, विशीतला, कानात एक वायर. गाव जवळ आलं तसा तो आरशात पाहून म्हणाला, "बुढे, तुमाले कुठं उतराचं?"

आजवर ती म्हणायची, सायेबाच्या शाळेपाशी.

"माठफोड्याच्या घरापाशी," पार्बताबाई म्हणाली.

"हाव," ड्रायव्हर म्हणाला, आणि वळणावर गिअर टाकला.